वाचनालयाची नोंदवही

३ फेब्रुवारी

अठरा नंबर,

पहिलवान गेल्याचं तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. उत्तर दिलं नाही. एकतीस पोरांच्या वर्गातले एकोणतीस संपले आणि हजेरीत शेजारी शेजारी असलेले आपण दोघेच उरलो, यावर लिहायचं तरी काय? वर्ग सुटल्यावर मास्तरांनी दोघांनाच फळा पुसायला थांबवून घ्यावं, तसं काहीसं वाटलं. असो.

आज लिहितोय ते तुझ्या भाऊबंदांमुळे. तू तिकडच्या नगरपालिकेत छत्तीस वर्षं हेडक्लार्क होतास, तेव्हा या लोकांची भाषा तुलाच कळायची.

काल दहा वाजता वाचनालयात गेलो, तर दारावर नोटीस. खळ अजून ओली होती. मजकूर असा: ‘सदर वाचनालयाचा वापर अत्यल्प असल्याचे वाचक नोंदवहीवरून निदर्शनास आले आहे. पुढील तीस दिवसांत दैनिक सरासरी पंचवीस वाचक न आढळल्यास सदर दालन अभिलेख साठवणुकीकरिता वर्ग करण्यात येईल.’

अभिलेख म्हणजे काय, असं मी आमच्या शिपायाला विचारलं. त्याला सगळे पेंगुळ्या म्हणतात, आणि तो त्या नावाला दिवसभर जागतो, म्हणजे झोपतो. तो म्हणाला, “जुनी दप्तरं हो, काका. तळघरात मावेनात. आधी जिन्यात आली, आता साहेबांच्या मोरीत रचलीत. साहेबांना हात धुवायला जागा नाही.”

म्हणजे जे कागद जन्मात कोणी वाचणार नाही त्यांना जागा हवी, म्हणून जी माणसं वाचतात त्यांनी उठायचं!

नोंदवहीत सह्या रोज तीन असतात हे खरं आहे. एक माझी. दुसरी निवृत्त पोस्टमनची. जन्मभर लोकांच्या सह्या घेतल्या, आता देण्यात त्याला मजा वाटते. तिसरी खुद्द पेंगुळ्याची. पण माणसं दहा-बारा येतात रे. भाजीवाली बाईसुद्धा येते, दुपारी गिऱ्हाईक नसलं की पाटी दाराशी ठेवून कादंबरीची वीस पानं वाचते आणि पान दुमडून जाते. ती सही का करत नाही? सांगतो. नोंदवही टेबलाच्या उजव्या टोकाला साखळीने बांधलेली आहे आणि पेन डाव्या टोकाला दोरीने. दोरी एक वीत आखूड आहे. नोंदवही सामान्य विभागाची, पेन भांडार विभागाचं. दोरी वाढवून मिळावी, असा अर्ज पेंगुळ्याने चार वर्षांपूर्वी केला. ती कोणत्या विभागाने वाढवावी, यावर दोन्ही विभागांचा पत्रव्यवहार चालू आहे. आम्ही तिघं आपापल्या खिशातलं पेन वापरतो, म्हणून आम्ही वाचक. बाकीचे नुसतेच वाचतात.

तुला माझी खोली माहीत आहे. खाली लोखंड कापायचं यंत्र, वर मी, आणि एकुलती एक खिडकी समोरच्या भिंतीला नाक लावून उभी. ही गेल्यापासून अकरा वर्षं मी दहा ते पाच वाचनालयातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. तिच्या एका पायाखाली मी पुठ्ठा घातलाय. ऊन अकराला पुस्तकावर येतं, दोनला गुडघ्यावर उतरतं, चारला निघून जातं. तिथून उठवलं, तर मी दिवस कुठे शोधायचा?

काहीतरी सांग.

सतरा

---

१० फेब्रुवारी

सतरा,

दिवस शोधायचा! साठ वर्षं झाली तरी तुझी कवितेची उबळ जात नाही. नदीची कविता पाठ म्हणताना तू डोळे मिटायचास आणि मास्तर खूश व्हायचे. मी तिसऱ्या कडव्याला नुसते ओठ हलवायचो, आणि बघ, पोटापाण्याला माझं ओठ हलवणंच कामी आलं.

आता नीट ऐक. तुला वाटतं नोटीस वाचकांसाठी असते. नोटीस फाइलसाठी असते. दालन घ्यायचं आधी ठरलं, कारण मागाहून शोधलं. मीच अशा शेकडो नोटिसा लिहिल्यात. ‘निदर्शनास आले आहे’ हे वाक्य लिहिताना आम्ही खिडकीबाहेरसुद्धा पाहत नसू.

साहेबाकडे जाऊन उन्हाबिन्हाचं वर्णन करू नकोस. तो ‘बसा’ म्हणेल, चहा पाजेल आणि तू जिना उतरेपर्यंत दालन वर्ग झालेलं असेल. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं. त्यांना रोज पंचवीस सह्या हव्यात. आणशील कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अरे, तुझ्या ओळखीचे पंचवीस जिवंत लोक तरी उरलेत का?

तब्येतीला जप. माझी ठीक आहे.

अठरा

---

२६ फेब्रुवारी

अठरा,

तू कुचेष्टेने विचारलंस आणि मला वाट सापडली. ओळखीचे पंचवीस जिवंत लोक नाहीत माझ्याकडे. पण एकतीस जण पाठ आहेत!

चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. अक्षरं लावण्यातच जन्म गेला माझा. वकिलाचं अक्षर, वैद्याचं, नुकत्याच प्रेमात पडलेल्याचं, दिवाळं निघालेल्याचं, सगळी बोटांना ओळखीची. मग आपल्या पोरांची का नसतील? एक नंबर बोका: गोल, पोट सुटलेली अक्षरं. चार नंबर आगगाडी: आधी लांबलचक शिरोरेघ ओढायचा आणि मग खाली एकेक डबा जोडायचा. अकरा नंबर उंदीर: एका ओळीत दोन ओळी मावायच्या, मास्तर वही डोळ्याला लावायचे. तेवीस नंबर पहिलवान: टाक असा दाबायचा की खालच्या तीन पानांवर वळ उठायचे. त्याची सही करताना माझं मनगट दुखतं, पण करतो.

दहा वाजता पोचतो, पेंगुळ्याचा डोळा लागला की माझं पेन काढतो आणि मनातल्या मनात हजेरी घेतो. एक? हजर. दोन? हजर. नोटीस लागल्यापासूनच्या दिवसांच्या सह्याही मोकळ्या ओळींत भरून टाकल्या. नोंदवहीत ‘वाचलेले साहित्य’ असा रकाना आहे. आगगाडीला प्रवासवर्णनं देतो. बोक्याला शिकारकथा. पहिलवानाला कविता, जिवंतपणी वाचली नाही, आता वाचू दे. तुझ्या नावापुढे रोज ‘दारावरची नोटीस’ असं लिहितो.

परवा मान वर केली तर पेंगुळ्या जागा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “काका, गर्दी वाढली म्हणायची.” आणि त्याने दुसऱ्या खांद्यावर मान टाकली. या नगरपालिकेत अक्कल असलेला हा एकच माणूस आहे, आणि त्याला त्यांनी शिपाई करून ठेवलाय.

खरं सांगू? सरासरी राहिली बाजूला. या दोन आठवड्यांत मला एकट्याने जेवल्यासारखं वाटलेलं नाही.

सतरा

---

४ मार्च

गाढवा!

खोट्या सह्या! सरकारी दप्तरात! मेलेल्यांच्या! मी छत्तीस वर्षांत वेलांटी चुकू दिली नाही आणि माझ्या नावाने रोज खोटी नोंद होते आहे? हेडक्लार्क होतो रे मी. कोणी पाहिलं तर?

आणि पहिलवानाला कविता! तो असता तर तुला उचलून खिडकीबाहेर ठेवला असता.

आता होईल काय ते सांगतो. सरासरी तीनवरून एकदम तिसावर गेली, की कोणी खाली येऊन डोकी मोजणार नाही. डोकी मोजायची तर जिना उतरावा लागतो. वर आकडा जाईल, वरून शाबासकी येईल. आणि मग ते म्हणतील, एवढी गर्दी, जागा अपुरी! सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी या लोकांची धाव त्या दालनापर्यंत. वाचक थोडे असले तर बंद, फार झाले तर स्थलांतर. तू कविता करत बसलास, त्यांनी फक्त कारण बदललं.

माझी सही कशी करतोस? मोकळ्या कागदावर करून पाठव. शेवटचा फराटा डावीकडून येऊन नावाच्या खाली जातो, लांब. आखूड केलास तर याद राख.

अठरा

---

२० मार्च

अठरा,

तुझ्या तोंडात साखर पडो, असं म्हणणार नाही. माती पडो. शब्दन्‌शब्द खरा झाला.

सरासरी तेहतीस निघाली. साहेबांना वरून ‘वाचनसंस्कृती वृद्धीबद्दल’ प्रशस्तिपत्र आलं. सोनेरी चौकटीत बसवून त्यांच्या खुर्चीमागे टांगलंय म्हणे. मोरीत नाही टांगलं, तिथे जागाच नव्हती. आणि त्याच आठवड्यात, जुन्या नोटिशीवरच नवी नोटीस: ‘वाचकांची वाढती संख्या व दालनाची अपुरी क्षमता विचारात घेता वाचनालय नियोजित इमारतीत स्थलांतरित करण्यात येत असून, बांधकाम पूर्ण होईपर्यंत सदर दालन अभिलेख साठवणुकीकरिता वर्ग करण्यात येत आहे.’ नियोजित इमारतीची जागा मी पाहून आलो. तिथे एक डबकं आहे आणि डबक्यात तीन बदकं. एकालाही बांधकामाची माहिती नव्हती.

खाली बारीक अक्षरात होतं, हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवावी. मी आधी शिवी हासडली आणि मग हरकत लिहिली. सुंदर लिहिली आहे. खाली एकतीस सह्या. आवक-जावकच्या कारकुनाने न वाचता शिक्का मारला. काल उत्तर आलं: बारा एप्रिल, सकाळी अकरा, साहेबांचं दालन. सर्व हरकतदारांनी जातीने हजर राहावे. गैरहजर राहणाऱ्यांची हरकत निकाली काढण्यात येईल.

सर्व एकतीस!

अठरा, तू ये. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. मागितलंच असेल तर शाळेत एकदा टीपकागद. एकतीस नावं पुकारली जाणार आणि त्या खोलीत मी एकटा उभा राहणार. दोघे असलो तर निदान एक बाक तरी भरेल. माझ्याकडे उतर. खाली यंत्र आहे, पण पाचनंतर बंद असतं.

सोबत तुझी सही करून पाठवली आहे. फराटा बघ.

सतरा

---

२८ मार्च

सतरा,

तुझ्या पोरखेळासाठी मी या वयात दहा तास गाडीत बसणार नाही. पत्र मुलीकडून लिहून घेतो आहे, बोटं जरा आखडली आहेत. तू यावर कविता करू नकोस.

फराटा बरा जमलाय. दोन बोटं आणखी लांब हवा.

सुनावणीला एकटा जा. मी सांगतो तसंच वाग, आपलं डोकं चालवू नकोस. ते अशा कामासाठी बनलेलं नाही. नदीची कविता म्हणायची नाही. उन्हाचं नाव काढायचं नाही. ते हजेरी घेतील. ज्याचं नाव घेतील त्याच्याबद्दल खरं ते सांग. ‘वारले.’ एवढंच. कधी वारले, असं विचारलं तर ‘दाखल्यात असेल’ म्हण. आणि प्रत्येक उत्तर लिहून घ्यायला लाव. “साहेब, नोंद व्हावी,” हे तीन शब्द सोडून एक शब्द जास्त बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

आणखी एक. साहेबांच्या समोरच बस. बाजूला नाही. प्रशस्तिपत्र तुला दिसलं पाहिजे आणि तुला ते दिसतंय हे साहेबांना दिसलं पाहिजे.

अठरा

(काका, नमस्कार. बाबा सांगतात तसंच लिहिलं आहे. — मुलगी)

---

२ एप्रिल

अठरा,

कार्डच पुरे आहे. आता पत्र लिहायलाही कारकून ठेवलास! हेडक्लार्कपण जात नाही.

खरं सांगायचं म्हणे. खरं सांगितलं तर खुर्ची जाईल, वर मी तुरुंगात जाईन, आणि तू तिकडे उंटावरून शेळ्या हाकत बसशील. वर्गातले एकोणतीस आले नाहीत तर त्यांना कारण आहे. तू जिवंत असून गैरहजर. भित्रा तेव्हाही होतास, ओठ हलवायचास.

सतरा

---

१३ एप्रिल

अठरा,

आधी सगळं सांगतो, मग तुझी माफी मागतो. क्रम उलटा केला तर सांगताना रडू येईल.

साहेबांचं दालन म्हणजे दप्तरांची वखारच आहे. भिंतीला कपाटं, कपाटांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर धूळ आणि धुळीवर गेल्या वर्षीच्या कोणाच्या तरी बोटाने काढलेली फुली. मोरीचं दार उघडं होतं. नळावरसुद्धा एक गठ्ठा बसला होता. साहेब पन्नाशीचे, गुळगुळीत दाढी, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करतात. शेजारी एक सडपातळ कारकून. मागे भिंतीवर ते प्रशस्तिपत्र. मी तू सांगितलेल्या जागीच बसलो. राग होता तुझ्यावर, पण दुसरं काही सुचतच नव्हतं.

“हरकतदार एकतीस,” साहेब म्हणाले. “आपण एकटेच?”

“हो.”

“मग बाकीच्यांची हरकत निकाली. सोपं झालं.”

तो सडपातळ कारकून हळूच म्हणाला, “साहेब, नावं पुकारून नोंद करावी लागते. नमुन्यात तसं आहे.”

साहेबांनी टोपण बंद केलं. “पुकारा.”

नावं मी इथे लिहीत नाही, तुला नंबरच पाठ आहेत. त्याने एक नंबर पुकारला. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, खड्या आवाजात. अठरा, मी साठ वर्षांनी ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. माझा हात आपोआप बाकाखाली गेला, बोक्याला चिमटा काढायला. तिथे बाक नव्हता.

“वारले,” मी म्हणालो. “साहेब, नोंद व्हावी.”

“अरेरे. कधी?”

“दाखल्यात असेल.”

दोन नंबर. वारले. तीन नंबर. वारले. आगगाडी. वारले. पाचव्या नावाला साहेबांनी हात वर केला. कारकून वाकून त्यांच्या कानाशी लागला. कानाशी कसला, मला स्वच्छ ऐकू आलं: “साहेब, नोंदवहीत यांच्या सह्या मागच्या महिन्यापर्यंत आहेत. रोजच्या.”

साहेब माझ्याकडे बघायला लागले. कुठे बघावं कळेना, म्हणून मी वर बघितलं, प्रशस्तिपत्राकडे. साहेबांनी माझी नजर पाहिली आणि तेही मान वळवून वर बघायला लागले. आम्ही दोघं ती सोनेरी चौकट बघत होतो. पंखा फिरत होता. नळावरच्या गठ्ठ्यातून एक कागद सुटून मोरीत पडला, तो उचलायला कोणी हललं नाही.

मग साहेब खाकरले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “म्हणजे, हरकत नोंदवल्यानंतर आणि सुनावणीपूर्वी हे सर्व... मयत झाले, असं आपलं म्हणणं.”

मी तसं काहीच म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, “नोंद व्हावी.”

“लिहा,” साहेब कारकुनाला म्हणाले. “फार वाईट झालं. तीन आठवड्यांत एवढी माणसं! काही साथ होती का?”

“होती, साहेब. शाळेपासूनची.”

कारकुनाने तोंडावर वही धरली.

पुढे सगळी हजेरी झाली. सहा ते एकतीस. साहेब प्रत्येक नावाला “अरेरे” म्हणत होते, पंधरानंतर नुसतं “अरे” म्हणायला लागले. माझ्या नंबराला मी उभा राहून “हजर!” असं इतक्या जोरात ओरडलो की बाहेरचा शिपाई आत डोकावला. त्यानंतर तुझं नाव. मी म्हणालो, “जिवंत आहेत. बाहेरगावी असतात. छत्तीस वर्षं नगरपालिकेत हेडक्लार्क होते.” हेडक्लार्क म्हटल्यावर साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. चोराला चोराची पावलं बरोबर ओळखू येतात.

शेवटी त्यांनी निर्णय सांगितला, कारकुनाने लिहिला, मी प्रत मागून घेतली. उतरवून देतो: ‘एकोणतीस हरकतदार मयत असल्याचे सांगण्यात आले. त्यांचे मृत्यूचे दाखले सादर होईपर्यंत, तसेच एका अनुपस्थित हरकतदाराचे लेखी म्हणणे प्राप्त होईपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवण्यात येते. तोपर्यंत दालन आहे त्या स्थितीत राहील.’

मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा साहेब म्हणाले, “आजोबा, दाखल्यांची घाई नाही बरं का. सवडीने द्या.”

जिना उतरून सरळ वाचनालयात आलो. खिडकीजवळ बसलो. दोन वाजले होते, ऊन गुडघ्यावर होतं. पण मला अजून कळलेलं नाही, हे झालं कसं? आणि तुला आधीच कसं कळलं होतं?

माफ कर. भित्रा म्हणालो.

सतरा

---

२१ एप्रिल

सतरा,

हसून हसून खोकला लागला. मुलगी पाण्याचा पेला घेऊन उभी आहे आणि लिहिते पण आहे.

कवीला फाइल वाचता येत नाही, म्हणून फोड करून सांगतो. सह्या खोट्या म्हणाव्यात तर सरासरी खोटी. सरासरी खोटी तर प्रशस्तिपत्र खोटं. मग साहेबाला वर लिहावं लागेल, की आमचा वाचक मेलेला होता आणि आम्ही जिना उतरून पाहिला नाही. असं पत्र लिहिणारा साहेब अजून जन्मायचाय. त्यापेक्षा तीन आठवड्यांत एकोणतीस माणसं मेली, हे त्याला पटवून घेणं सोपं.

आणि दाखले? बोक्याच्या दाखल्यावर तेरा वर्षांपूर्वीची तारीख असणार. तो कागद टेबलावर आला की चौकट भिंतीवरून खाली. म्हणून तो तुला दाखले कधीच मागणार नाही. तू कधीच द्यायचे नाहीस. बदली होऊन दुसरा येईल, फाइल उघडेल, आत एकोणतीस मेलेले बघेल आणि नाडी परत बांधून ठेवेल. नगरपालिकेत माणूस मरतो, साहेब बदलतो, इमारत पडते. प्रलंबित प्रकरण मात्र मरत नाही. मी स्वतः त्यांतली काही चाळीस वर्षं वयाची पाहिली आहेत, ठणठणीत.

मलाही नोटीस आली. ‘आपले लेखी म्हणणे पंधरा दिवसांत सादर करावे.’ मी नमुनेदार उत्तर दिलं: म्हणणे सादर करण्यापूर्वी मूळ नोटिशीची, नोंदवहीच्या संबंधित पानांची व सुनावणीच्या इतिवृत्ताची साक्षांकित प्रत मिळावी. नोंदवहीची पानं साक्षांकित करायला त्यांचा हात धजायचा नाही. म्हणजे माझं म्हणणं जायचं नाही. घोडं तिथेच पेंड खात उभं राहील.

मला सुनावणीला यायला जमलं नाही याचा... जाऊ दे. पहिलवानाला कविता देणं बंद कर.

अठरा

---

९ जून

काका,

नमस्कार. हे पत्र मी माझंच लिहिते आहे. बाबा गेल्या महिन्याच्या एकोणतीस तारखेला गेले. फेब्रुवारीपासून अंथरुणावरच होते. तुम्हाला कळवायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. “तो कविता करत बसेल आणि सुनावणी बुडवेल,” म्हणायचे. तुमचं ‘भित्रा’ लिहिलेलं कार्ड मी त्यांना वाचून दाखवायला कचरत होते. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि फार हसले.

तुमच्या सुनावणीचं पत्र आलं त्या दिवशी ते उशीला टेकून बसले. दिवसभर घरात आल्या-गेल्याला ‘नोंद व्हावी’ म्हणत होते.

दोन गोष्टी सांगून गेले आहेत. एक म्हणजे त्यांच्या मृत्यूचा दाखला इथल्या कामांसाठी लागेल तेवढा वापरायचा, पण तुमच्या तिकडच्या नगरपालिकेला कधीच पाठवायचा नाही. मी विचारलं, “का?” तर म्हणाले, “माझं म्हणणं यायचं बाकी आहे. अठरा नंबर निकाली निघाला तर आमची खुर्ची जाईल.” त्यांची तिकडे काय खुर्ची आहे ते मला कळलं नाही. तुम्हाला कळेल म्हणाले.

दुसरं तुम्हालाच विचारायचं होतं बहुतेक. शेवटचे दोन दिवस सारखं म्हणायचे, “तिसरं कडवं काय रे?” मला वाटलं, फाइलमधलंच काहीतरी असेल.

तुमची,
मुलगी

---

२० जून

बाळ,

तिसरं कडवं वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलं आहे. नदी समुद्राला मिळते तिथलं आहे, म्हणून त्याला पाठ होत नसावं. काही मिळून संपतं, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. मोठ्याने वाच. मास्तर मोठ्याने वाचायला लावायचे.

खुर्ची माझी आहे, त्याची नाही. पण तो असं म्हणाला असेल तर आता दोघांची.

इथलं ठीक आहे. साहेबांची बदली झाली, प्रशस्तिपत्र सोबत घेऊन गेले. नवीन साहेबांनी फाइल मागवली, वाचली, आणि दुसऱ्या दिवशी पेंगुळ्या ती काखोटीला मारून वाचनालयात घेऊन आला. वर जागा नाही म्हणे. आता ती माझ्या खिडकीशेजारच्या कपाटात असते. पेनाची दोरीसुद्धा मंजूर होऊन आली, मोजून एक वीत जास्त. पेन मात्र मधल्या काळात वाळून गेलं. नव्या पेनासाठी अर्ज केला आहे.

नगरपालिकेकडून तुझ्या बाबांच्या नावाने काही आलं तर उघडू नकोस, इकडे पाठव. उत्तर कसं द्यायचं ते मला आता येतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वाचनालयात गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो. आता गरज नाही, तरी रोज सगळ्यांच्या सह्या करतो. सतरापर्यंत आलो, माझी केली. मग पेन उचलून थांबलो. पेंगुळ्या जागाच होता, त्याने विचारलं, “काका, आज अठरा नंबर?”

मी म्हणालो, “हजर.” फराटा या वेळी दोन बोटं लांब ओढला.

तुझा काका,
सतरा